सॅक्रामेंटो किंग्ज: चुकलेल्या निवडी सोडा, बरोबर निवडींचं काय झालं ते बघा

प्रश्न असा आला आहे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. ते बघून एक शाळकरी मुलगा किंग्जचा चाहता झाला. आता तो कॉलेजात आहे आणि विचारतो आहे की, २००६-०७ ते २०२१-२२ असे सलग सोळा हंगाम हा संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, का पोचला नाही? एवढी वर्षं ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ एकेक करून नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, वरचे पिक (निवडीचे क्रमांक) मिळूनही संघ उभा का राहिला नाही? खेळाडू ओळखणारी माणसंच तिथे नव्हती, की नशीब खोटं होतं? आणि पुढचा ड्राफ्ट बघताना नेमकं काय बघावं?

मी महाराष्ट्रात ज्युनियर आणि विद्यापीठ पातळीवर बास्केटबॉल शिकवतो, निवड समित्यांवर बसतो. बाहेरच्या लीगमधल्या तरुण खेळाडूंचे व्हिडिओ बघून अहवाल लिहिणं हेही बरीच वर्षं माझं काम आहे. त्या कामाच्या नजरेने उत्तर देतो.

नशीब थोडंफार आड आलंच, नजरही काही वेळा चुकली. पण या दोन्ही गोष्टी प्रत्येक संघाच्या वाट्याला येतात. सॅक्रामेंटोचं दुखणं समजून घ्यायचं तर त्यांनी कुणाला सोडलं याची यादी बाजूला ठेवा आणि ज्यांना त्यांनी बरोबर ओळखून घेतलं होतं, त्यांचं पुढे काय झालं ते बघा. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे खेळाडू निवडणारा, त्याला शिकवणारा आणि त्याच्यासाठी थांबणारा, ही तीन माणसं एका वेळी एका मताची कधी नव्हतीच.

तरी चाहत्यांच्या जिभेवर असलेली ती यादी एकदा सांगून टाकतो, कारण ती खरी आहे. २००९ ते २०१८ या दहाही ड्राफ्टमध्ये किंग्जच्या हाती पहिल्या दहातला क्रमांक आला होता. २००९ साली चौथ्या क्रमांकावर टायरीक एव्हान्स घेतला, सातव्यावर स्टेफन करी गेला. २०११ साली दहाव्यावर जिमर फ्रेडेट घेतला, अकराव्यावर क्ले थॉम्प्सन आणि पंधराव्यावर क्वाय लेनर्ड गेले. २०१२ साली पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, सहाव्यावर डेमियन लिलार्ड. २०१३ साली सातव्यावर बेन मॅकलेमोर, दहाव्यावर सी. जे. मॅकॉलम आणि पंधराव्यावर यानिस अँटेटोकुंपो. २०१४ साली आठव्यावर निक स्टाउस्कस, तेराव्यावर झॅक लवीन. २०१५ साली सहाव्यावर विली कॉली-स्टाइन, तेराव्यावर डेव्हिन बुकर. आणि २०१८ साली दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्ली, तिसऱ्यावर लुका डॉन्चिच.

दर वर्षी हातून सुटलेली नावं पुढे लीगचे तारे ठरली. वाचूनच पोटात कालवतं. पण या यादीवरून निकाल देऊ नका. यानिसला चौदा संघांनी सोडलं. करीला किंग्जसकट सहा निवडींनी सोडलं, आणि एव्हान्स त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. २०१२ साली रॉबिन्सनला पाचव्या क्रमांकावर घेणं कुणाला वेडेपणाचं वाटलं नव्हतं. कॅन्सस विद्यापीठाला अंतिम फेरीपर्यंत नेणारा तगडा रिबाउंडर (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणारा) होता तो. अठरा-वीस वर्षांच्या पोराचा पाच वर्षांनंतरचा खेळ आज सांगणं फार अवघड असतं, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून मी जरा लांबच राहतो.

माझा आक्षेप निवडीच्या पद्धतीवर आहे. त्यात २०११चा ड्राफ्ट मला सगळ्यात जास्त सलतो. किंग्जकडे मुळात सातवा क्रमांक होता. तीन संघांच्या व्यवहारात त्यांनी तो सोडला, पॉइंट गार्ड बेनो उद्रिह दिला, आणि बदल्यात दहावा क्रमांक व जॉन सामन्स घेतला. सामन्स तिशी ओलांडलेला, आदल्याच वर्षी पाच वर्षांचा मोठा करार केलेला. म्हणजे क्रमांकही खाली गेला आणि वर महागडा करारही गळ्यात घेतला. त्या दहाव्या क्रमांकावर फ्रेडेट आला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो सरासरी जवळपास २९ गुण करत होता, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला चेहरा होता. त्या वेळी मालक असलेले मलूफ बंधू संघ अनाहाइमला हलवायच्या खटपटीत होते. अशा वेळी तिकिटं आणि जर्सी खपवणारं नाव मोहात पाडतं, हे मी समजू शकतो.

पण असा खेळाडू व्हिडिओवर कसा बघायचा ते सांगतो. त्याच्या गुणांकडे बघायचंच नाही. तो बचाव करत असताना प्रतिस्पर्ध्याचा उंच खेळाडू त्याच्या वाटेत आडवा उभा राहतो, त्या क्षणी चित्र थांबवायचं. त्याचा पहिला पाय कुठे पडतो? कंबर वळायला किती वेळ लागतो? आडव्या आलेल्या खेळाडूच्या खांद्याला चिकटून वर निघतो, की मागून वळसा घालून पोचतो? तोवर समोरच्याने शॉट टाकलेला असतो. कॉलेजात झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखायची) असतो, त्यात असा गार्ड एका कोपऱ्यात लपवता येतो. एनबीएत लपायला जागा नसते. त्याच्याच अंगावर पुन्हा पुन्हा चाल होते. शिवाय चेंडू सतत स्वतःच्या हातात असताना गुण करणारा गार्ड अशा संघात गेला, जिथे एव्हान्स आणि मार्कस थॉर्नटन या दोघांनाही चेंडू हातातच हवा होता. फ्रेडेटचा शॉट खोटा नव्हता. त्याच्या शॉटला पोषक असा संघ भोवती नव्हता आणि तो बांधायचा कुणाचा बेतही नव्हता. २०१४च्या फेब्रुवारीत उरलेला करार मिटवून त्याला मोकळं केलं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. त्याच २०११च्या ड्राफ्टमध्ये, अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर किंग्जनी आयझेया थॉमस घेतला. पावणेसहा फुटांचा, डावखुरा, वॉशिंग्टन विद्यापीठाचा गार्ड. साठाव्या क्रमांकावरून आलेला खेळाडू संघात टिकला तरी निवडणाऱ्याची पाठ थोपटतात. थॉमसने तर तिसऱ्या हंगामात सॅक्रामेंटोसाठी सरासरी २० गुण केले. म्हणजे दहाव्या क्रमांकावर जे शोधत होते ते साठाव्यावर सापडलं होतं. आणि २०१४च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला फिनिक्सला जाऊ दिलं. त्याच्या जागी डॅरन कॉलिसन आणला. पुढे बोस्टनकडून २०१६-१७ साली थॉमसने सरासरी २८.९ गुण केले. २०१०च्या ड्राफ्टमध्ये तेहतिसाव्या क्रमांकावर घेतलेला हसन व्हाइटसाइड दोन वर्षांत सोडून दिला. २०१५-१६ साली मायामीसाठी खेळताना ब्लॉक्समध्ये (समोरच्याचा शॉट अडवण्यात) तो संपूर्ण लीगमध्ये पहिला होता.

ज्यांनी या दोघांना निवडलं त्यांची नजर वाईट होती असं कोण म्हणेल? कमी होती ती निवडीनंतरची वर्षं.

डिमार्कस कझिन्सचं उदाहरण तर सगळ्यात मोठं आहे. २०१० साली पाचव्या क्रमांकावर घेतलेला हा सेंटर त्या पिढीतल्या सर्वात कसबी उंच खेळाडूंपैकी एक. रागीट, पंचांशी वाद घालणारा, सांभाळायला अवघड, हे सगळं खरं. पण सात हंगामांत त्याच्यावर सहा कोच आले: पॉल वेस्टफाल, कीथ स्मार्ट, मायकल मलोन, टायरोन कॉर्बिन, जॉर्ज कार्ल, डेव्ह येगर. विशीत आलेल्या तापट मुलाला जर सहा जण सहा तऱ्हेने सांगत असतील, तर तो शेवटी कुणाचंच ऐकत नाही. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या संघातही मी हे बघतो. नव्या कोचने पहिल्याच आठवड्यात आधीच्या कोचची पद्धत मोडीत काढली की मुलं मान डोलावतात आणि मनात म्हणतात, हेही जातील.

यातल्या एका कोचशी कझिन्सचं खरोखर जुळलं होतं, ते मलोन. २०१४-१५च्या सुरुवातीला संघ चांगला खेळत होता. मग कझिन्सला विषाणूजन्य मेंदूज्वर झाला, संघ हरू लागला आणि ११ विजय, १३ पराभव या स्थितीत डिसेंबर २०१४मध्ये मलोन यांना काढलं. संघाने जास्त वेगाने खेळावं अशी वरच्यांची अपेक्षा होती. मुख्य खेळाडू आजारी असतानाच्या पराभवांवरून कोचला घरी पाठवणं, हे माझ्या मते त्या सोळा वर्षांतलं सगळ्यात महाग पडलेलं पाऊल आहे. बॅग्लीपेक्षाही.

तिथून पुढचे आठ महिने मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळा रोग त्यात एका जागी दिसतो. आणि ते एका मुलाच्या बाजूने बघू: निक स्टाउस्कस.

हा मिशिगन विद्यापीठाचा शूटर. बिग टेन या तगड्या कॉलेज गटातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. जून २०१४मध्ये आठव्या क्रमांकावर घेतला. पहिली अडचण इथेच की आदल्या वर्षी सातव्यावर घेतलेला मॅकलेमोर त्याच जागेवर खेळणारा शूटिंग गार्ड. म्हणजे एकाच खुर्चीसाठी दोन वर्षांत दोन मोठे पिक खर्च झाले. डिसेंबरमध्ये त्याला शिकवणारे मलोन गेले. कॉर्बिन आले. फेब्रुवारी २०१५मध्ये कॉर्बिन गेले, कार्ल आले. मार्चमध्ये जुने खेळाडू व्लादे दिवाच यांना बास्केटबॉल विभागाचे प्रमुख करून आणलं. स्टाउस्कसला निवडणारे जनरल मॅनेजर पीट डालेसांड्रो उन्हाळ्यात निघून गेले. आणि जुलै २०१५मध्ये स्टाउस्कसलाच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. एका वर्षात तीन कोच, दोन प्रमुख आणि शेवटी दुसरं गाव. बॉल अंगावर येताना पाय कसे लावायचे, हे शिकायलासुद्धा नवोदिताला एक पूर्ण हंगाम लागतो. त्या मुलात किती दम होता, हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण ते कळेल इतका वेळ कुणी थांबलंच नाही.

ज्या व्यवहारात तो गेला, तो व्यवहार मी आमच्या इथल्या शिकाऊ कोचना फळ्यावर मांडून दाखवतो. किंग्जनी फिलाडेल्फियाला काय दिलं? स्टाउस्कस, कार्ल लँड्री, जेसन थॉम्प्सन, पुढच्या काळातला एक पहिल्या फेरीचा पिक, आणि २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी आपापले पिक अदलाबदल करण्याचा हक्क. बदल्यात काय मिळालं? युरोपात खेळणाऱ्या दोन तरुणांचे हक्क, जे दोघेही कधी सॅक्रामेंटोसाठी खेळले नाहीत. हेतू एकच होता: पगाराच्या मर्यादेत जागा करायची आणि लगेच अनुभवी खेळाडू घ्यायचे. त्या जागेत राजॉन राँडो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कुफोस आले. राँडोने त्या हंगामात लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट (बास्केट करून देणारे पास) दिले, संघ ३३ सामने जिंकला, प्लेऑफ हुकलंच, आणि राँडो एका वर्षात निघून गेला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच.

या व्यवहाराची किंमत लगेच दिसली नाही, म्हणून तो करणाऱ्यांना सोपा वाटला. २०१७च्या लॉटरीत (ड्राफ्टचे वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत) किंग्जचा क्रमांक तिसरा निघाला. फिलाडेल्फियाने अदलाबदलीचा हक्क वापरला आणि किंग्ज पाचव्यावर घसरले. तो तिसरा क्रमांक पुढे बोस्टनकडे गेला आणि त्यावर जेसन टेटम निवडला गेला. पाचव्यावर किंग्जना डीआरन फॉक्स मिळाला, जो खरोखर उत्तम निघाला, म्हणून त्या वेळी फारसं कुणी रडलं नाही. पण दुसरा हप्ता २०१९ साली गेला: त्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक, चौदावा, बोस्टनच्या हाती. या दोन हप्त्यांमध्ये २०१८ येतं, आणि ते महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षी आपल्याकडे पिक नाही हे माहीत असताना २०१८ची निवड अधिक थंड डोक्याने करायला हवी होती.

२०१६ साली तर एक ना धड भाराभर चिंध्या झाल्या. कझिन्स, कॉली-स्टाइन आणि कुफोस असे तीन सेंटर आधीच संघात. आठवा क्रमांक फिनिक्सला देऊन तेरावा आणि अठ्ठाविसावा घेतला, आणि त्यावर आणले आणखी दोन उंच खेळाडू: यॉर्गोस पापायानिस आणि स्कल लॅबिसिएर. त्याच व्यवहारात बोगदान बोगदानोविचचे हक्क मिळाले, ती खरी कमाई. पापायानिसला दोन हंगामही पुरे व्हायच्या आत सोडलं. अठ्ठाविसाव्याच्या अगदी एक जागा आधी टोरंटोने पास्कल सियाकम घेतला होता. आणि बोगदानोविच? तोही २०२० साली अटलांटाने देऊ केलेल्या कराराची बरोबरी न केल्याने फुकट गेला.

फेब्रुवारी २०१७मध्ये कझिन्सला न्यू ऑर्लिन्सला दिलं. बडी हील्ड आणि एक पहिल्या फेरीचा पिक मिळाला. दोन दिवसांपूर्वी याहून चांगला प्रस्ताव होता, असं खुद्द दिवाच यांनी पत्रकारांना सांगितलं. वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाच्या तोंडी ते वाक्य ऐकून मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं. खेळाडू म्हणून दिवाच मला अतिशय आवडायचे; सेंटर असून पास कसा द्यावा, हे मुलांना दाखवायला आजही मी त्यांचीच क्षणचित्रं वापरतो. पण संघ चालवणं हे निराळं काम आहे. ते करायला येण्यापूर्वी एनबीएतल्या एखाद्या संघाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं घासलेली माणसं असतात, आणि ती ज्या बारकाव्यांनी पिकांचे व्यवहार लिहितात त्यांच्यासमोर नवखा माणूस उघडा पडतो.

मग २०१८. २७ विजयांचा संघ, लॉटरीत उडी मारून दुसऱ्या क्रमांकावर आला. नशीब खोटं असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. डॉन्चिच १९ वर्षांचा होता. आदल्या वर्षी स्लोव्हेनियासोबत युरोपियन स्पर्धा जिंकलेला, त्या वर्षी रेआल माद्रिदसोबत युरोलीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. कॉलेजातल्या मुलांविरुद्ध नव्हे, पोटापाण्यासाठी खेळणाऱ्या तिशीतल्या माणसांविरुद्ध. ज्या तर्काने बॅग्ली घेतला तो असा होता की चेंडू फॉक्सच्या हातात राहणार, तेव्हा त्याच्यासोबत पळणारा, उडी असलेला उंच खेळाडू हवा. हा तर्क जिंकणाऱ्या संघाचा आहे. ज्याच्याकडे पाचपैकी चार जागा पक्क्या आहेत, त्याने पाचव्या जागेला साजेसा खेळाडू शोधावा. बारा वर्षं प्लेऑफ न बघितलेल्या संघाकडे पक्कं काहीच नसतं. त्याने ज्याला सगळ्यात जास्त खेळ येतो तो घ्यावा आणि बाकीचा संघ त्याच्याभोवती हलवावा. बॅग्ली वाईट खेळाडू नव्हता. पहिल्या हंगामात १५च्या आसपास गुण केले, मग दुखापतींनी गाठलं, कोच बदलले, खेळायला मिळणारी मिनिटं कमी-जास्त होत गेली. फेब्रुवारी २०२२मध्ये तो डेट्रॉइटला गेला.

इथेच आणखी एक गोष्ट. २०१८-१९ साली येगर यांनी संघाला ३९ विजयांपर्यंत नेलं, बारा-तेरा वर्षांतली सगळ्यात चांगली कामगिरी. हंगाम संपताच त्यांना काढलं. मुंबईत तुम्ही ज्या ल्यूक वॉल्टनना किंग्जच्या बाकावर बघितलं, ते त्या रिकाम्या जागी नुकतेच आले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये तेही गेले. सोळा हंगामांत, तात्पुरते नेमलेले धरून, अकरा कोच. त्याआधी रिक एडलमन एकटे आठ हंगाम होते आणि आठही वेळा संघ प्लेऑफला गेला होता.

संघाचे मालक विवेक रणदिवे यांच्याबद्दल मराठी माणसाला विचारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगतो. मुंबईत वाढलेला माणूस, एमआयटीत शिकला, सॉफ्टवेअर कंपनी उभारली आणि २०१३ साली सिॲटलला निघालेला हा संघ सॅक्रामेंटोत राखला. २०१६ साली गावाच्या मध्यवस्तीत नवं सभागृह उभं राहिलं. मुंबईत एनबीए आणण्यातही त्यांचा वाटा मोठा. हे ऋण मान्य करूनच पुढचं म्हणतो. संघ हाती आल्यावर त्यांनी आधी कोच नेमला आणि मग जनरल मॅनेजर. आधी कळस, मग पाया. कोच एका विचाराचा, मॅनेजर दुसऱ्या, आणि दोघांच्या वर मालकाची घाई तिसरी. ड्राफ्टच्या रात्री पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला पाच मिनिटं मिळतात, पण त्या पाच मिनिटांत काय बोललं जाईल हे वर्षभर आधी ठरलेलं असतं. ज्या खोलीत अंतिम शब्द कुणाचा हेच ठरलेलं नाही, तिथे सगळ्यांना चालेल असा खेळाडू निवडला जातो. सर्वांच्या यादीत सहावा असलेला. कुणाच्याच यादीत पहिला नसलेला. आमच्या समित्यांमध्येही हे घडतं, म्हणून मी अंतिम नावं वाचण्याआधी एकच प्रश्न विचारतो: या मुलाला पुढच्या जूनमध्ये रोज सकाळी मैदानावर कोण घेऊन येणार? उत्तर आलं नाही तर तो मुलगा कितीही उंच असो, मी सही करायला घाई करत नाही.

याच्या उलट काय असतं, तेही बघा. सॅक्रामेंटोने काढलेले मलोन २०१५ साली डेन्व्हरला गेले. तिथे पहिले तीन हंगाम प्लेऑफ नाही: ३३, ४० आणि ४६ विजय. तिसऱ्या वर्षी तर हंगामाच्या शेवटच्या दिवशी हुकलं. डेन्व्हरने त्यांना ठेवलं. एकेचाळिसाव्या क्रमांकावर घेतलेल्या निकोला योकिचला त्याच कोचच्या हाताखाली वाढू दिलं आणि २०२३ साली विजेतेपद मिळालं. योकिच ज्या ड्राफ्टमध्ये आला तो २०१४चाच, स्टाउस्कसचा.

ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाची सूत्रं सांभाळणारे सॅम प्रेस्टी २००७पासून त्याच खुर्चीत आहेत. त्यांच्या निवडी चुकत नाहीत असं अजिबात नाही. कोल ऑल्ड्रिच, मिच मॅकगॅरी, अलेक्सेय पोकुशेव्हस्की ही नावं त्यांच्याही खात्यावर आहेत. पण चुकलेल्या निवडीचा हिशेब मांडायला तोच माणूस पुढच्या वर्षी त्याच टेबलाशी बसलेला असतो. आपण काय बघितलं होतं आणि काय बघायचं राहिलं, हे त्याला आठवतं. सॅक्रामेंटोत चूक करणारा निघून गेलेला आणि नवा माणूस तीच चूक पहिल्यांदा करणारा, असं वर्षानुवर्षं चाललं.

आता २०२०नंतरचं. दिवाच गेले, मॉन्टी मॅकनेअर आले आणि पहिल्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीज हॅलिबर्टन. सुंदर निवड. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याला आणि हील्डला इंडियानाला देऊन डोमांतास सबोनिस आणला. (वरळीच्या सामन्यांत तुम्ही सबोनिसला पेसर्सच्या जर्सीत बघितलं असेल.) या व्यवहारावर चाहते आजही भांडतात. मी दोन्ही बाजू मानतो. सबोनिस, फॉक्स, चौथ्या क्रमांकावर घेतलेला कीगन मरे आणि कोच माइक ब्राउन, सगळे एका दिशेला ओढू लागले आणि २०२२-२३ साली ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, सोळा वर्षांचा दुष्काळ संपला. सभागृहाच्या छतावरून जांभळा झोत आकाशात सोडायचे ते त्याच हंगामात. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटशी सात सामने झुंजून हरले. ब्राउन एकमताने वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले. जिथे निवडणारा, शिकवणारा आणि थांबणारा एका मताचे झाले, तिथे एका वर्षात फरक दिसला.

आणि मग पुन्हा जुनी खोड. डिसेंबर २०२४मध्ये ब्राउनना काढलं. काही आठवड्यांत फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. एप्रिल २०२५मध्ये हंगाम संपला त्याच रात्री मॅकनेअरही बाहेर. त्याच जूनमध्ये हॅलिबर्टन इंडियानाला एनबीएच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. समोर प्रेस्टींचं ओक्लाहोमा होतं, जे जिंकलं.

मला सबोनिसचा व्यवहार त्याच्या जागी चूक वाटत नाही. हॅलिबर्टनसारखा खेळाडू देऊन तुम्ही एक संघ उभा करता, तर तो संघ टिकवायची जबाबदारी दुप्पट होते. तो तीन वर्षांच्या आतच मोडला, तेव्हा मात्र हॅलिबर्टन खरोखर हातचा गेला.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या ड्राफ्टमध्ये काय बघायचं. निवडलेल्या खेळाडूच्या कॉलेजातल्या गुणांची सरासरी बघू नका. त्याला निवडणाऱ्या जनरल मॅनेजरच्या कराराची किती वर्षं उरली आहेत, ते बघा. कोच त्याच मॅनेजरने नेमलेला आहे की आधीचा वारसा आहे, ते बघा. गेल्या दोन वर्षांत त्याच जागेवर आणखी कुणाला घेतलं आहे का, ते बघा. आणि सगळ्यात जास्त लक्ष दुसऱ्या हंगामाच्या मिनिटांकडे द्या: पहिल्या वर्षी चुका करत पंधरा मिनिटं खेळलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी पंचवीस मिळतात, की त्याच्या डोक्यावर एखादा तिशीतला खेळाडू आणून बसवतात. रॉबिन्सनला पहिला हंगामही पुरा मिळाला नव्हता. फेब्रुवारीतच ह्यूस्टनला रवानगी झाली.

सध्या किंग्जची सूत्रं स्कॉट पेरी यांच्याकडे आहेत. २०१७ साली काही महिने ते सॅक्रामेंटोतच होते, फॉक्स निवडला गेला तेव्हा. कोच डग ख्रिस्टी किंग्जच्याच २००२च्या गाजलेल्या संघातले, गावाला जीव लावणारे. २०२५च्या ड्राफ्टमध्ये स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक जुन्या व्यवहारात अटलांटाकडे गेलेला असूनही त्यांनी चोविसावा क्रमांक मिळवून कोलोरॅडो स्टेटचा नीक क्लिफर्ड घेतला, आणि बेचाळिसाव्यावर सेंटर मॅक्सिम रेनो. क्लिफर्ड बचाव करणारा, रिबाउंडला धावणारा, दोन-तीन जागांवर खेळू शकणारा विंग (कडेने खेळणारा) आहे. त्याचे पाय मला आवडतात. तुम्ही चाहते म्हणून बघणार असाल तर त्याचे चौथ्या क्वार्टरमधले बचावाचे क्षण बघत चला, आणि पेरी व ख्रिस्टी अजून जागेवर आहेत का, याची दर डिसेंबरला चौकशी करा. या संघात माणसं काढायची ती वेळ असते.